मागे पसरलेला हात

कारध्याच्या पुलावरून सकाळी भंडाऱ्याकडे कामाला निघालेल्या बायांमध्ये मंगलाबाई ओळखायची असेल तर चेहऱ्याकडे बघू नका, मानेकडे बघा. बाकीच्या बाया चालता चालता वैनगंगेला पाणी किती आहे ते बघतात, ओळखीचं कुणी गेलं की मान वळवून बोलतात. मंगलाबाईला मान वळवता येत नाही. मागून कुणी हाक मारली तर ती खांद्यापासून पायापर्यंत अख्खी वळते, कपाट सरकवावं तशी. हाक मारणाऱ्याला वाटतं, बाई रागावली की काय. बाई रागावलेली नसते. ती दमलेली असते, आणि दमलेल्या माणसाचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो याला तिचा इलाज नाही.

ती रेजा आहे. बांधकामावर डोक्यावर घमेलं घेऊन कालवलेल्या सिमेंटचा माल, विटा, रेती मिस्त्रीपर्यंत पोचवणारी बाई ती रेजा. लग्न होऊन कारध्याला आली त्या उन्हाळ्यात शेतात काम नव्हतं, म्हणून शेजारणीबरोबर एका घराच्या पायाला गेली, दोन महिन्यांपुरती. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. भंडाऱ्यातली निम्मी नवी घरं आपल्या बायकोच्या डोक्यावरून गेलीत, असं तिचा नवरा परसराम कौतुकाने सांगतो. परसराम राईस मिलमध्ये पोती उचलतो, त्यामुळे ओझ्यातलं त्याला कळतं. मात्र घरी आल्यावर त्याला खाटेवर बसता येतं आणि तिला चुलीपुढे, एवढा एक फरक त्या कौतुकात कधी येत नाही.

मागच्या हिवाळ्यात तिची मान इतकी आखडली की सकाळी उठून बसायला पोरीचा, खुशबूचा, हात धरावा लागला. दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरून झिजलेले मणके दाखवले आणि सांगितलं की आता डोक्यावर ओझं घेणं बंद. मंगलाबाईने विचारलं, मग कशावर घेऊ? बाईंना ते उर्मटपणाचं वाटलं असावं. पण ती खरंच विचारत होती.

डोक्यावर घ्यायचं नसेल तर बांधकामावर दुसरी जागा एकच, मिस्त्रीची. आणि तिथे बाई मिस्त्री कुणी पाहिलेली नव्हती.

तिचा मिस्त्री भैयाजी. भैयाजी हे त्याचं नावच आहे, त्यात कुणी मान दिलेला नाही. मान त्याने कामाने मिळवला. खुशबू पाळण्यात होती तेव्हापासूनची या दोघांची जोडी. परांचीवर तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, ती त्याच्या मागे. तो मागे वळून बघत नसे आणि तोंडाने काही मागतही नसे. नुसता डावा हात मागे पसरायचा. उघडा पंजा म्हणजे माल, बंद मूठ म्हणजे अर्धी वीट, दोन बोटं म्हणजे पाणी. हात मागे येईस्तोवर त्यात पाहिजे ते पडलेलं असायचं. नवीन ठेकेदार यायचे ते बघत उभे राहायचे. अशा जोड्या आता मिळत नाहीत म्हणायचे. जोडीतल्या एकाचंच नाव त्यांना माहीत असायचं, ही गोष्ट वेगळी.

या धंद्यात आमच्या भागात एक रीत आहे. मिस्त्री घमेलं उचलत नाही. रेजा आली नाही तर तो बसून राहील, तंबाखूचा खर्रा घोटेल, दुसऱ्याची रेजा उसनी मागेल, पण घमेल्याला हात लावणार नाही. लावलाच तर बाकीचे मिस्त्री दिवसभर त्याची टर उडवतात. भैयाजीही ही रीत पाळणाराच होता, आणि त्यात कुणाला काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. मंगलाबाईलाही नाही.

ती बांधायला शिकली ती त्याच्या खर्र्यामुळे. भैयाजीला खर्रा लागतो, आणि खर्रा काही खिशातून काढला आणि तोंडात टाकला असा नसतो. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून तो निवांत घोटावा लागतो. भैयाजी तो घोटत बसला की मंगलाबाई त्याची थापी उचलायची आणि थर पुढे न्यायची. एका खर्र्यात थर कोपऱ्यापर्यंत जायचा. भैयाजी परत येऊन ओळंबा सोडायचा, बघायचा आणि काही न बोलता पुढे बांधायला लागायचा. तो काही बोलला नाही म्हणजे भिंत सरळ आहे, हे तिला कळायचं. पुराच्या वर्षी कारध्यात तिच्या घराची मागची भिंत बसली, ती तिने एकटीने पुन्हा उभी केली. ती अजून उभी आहे. पण घरच्या भिंतीवरून मिस्त्री म्हणवून घेता येत नाही.

त्या हिवाळ्यानंतर वरठीच्या बाजूला मोठ्या इमारतींचं काम निघालं आणि त्या साइटच्या फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र बसलं. कामावर आलेल्याने यंत्रापुढे उभं राहायचं, मग पडद्यावर नाव उमटतं आणि नावाखाली काम: मिस्त्री किंवा हेल्पर. मिस्त्री असं उमटायचं तर ट्रेनिंग करून परीक्षा पास झालेली पाहिजे. इतकी वर्षं भिंती उभ्या केलेले मिस्त्री त्या पडद्यावर हेल्पर झाले. भैयाजीला तो शब्द फार लागला. दोन दिवस तो कामावरच गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की भंडाऱ्यात हायवेलगतच्या एका शेडमध्ये असं ट्रेनिंग चालू आहे, सकाळी अर्धी पाळी करून दुपारी जाता येतं, आणि तिथे बायांनाही घेतात. ही शेवटची गोष्ट त्याने मंगलाबाईला जाता जाता सांगितली, काही विशेष नसल्यासारखी.

तिने त्याच दिवशी नाव दिलं. मिस्त्री झाले तर मान वाचते, एवढाच हिशेब होता. स्वप्न वगैरे म्हणायला तिच्यात तेवढा दम उरला नव्हता.

शेडमध्ये शिकवायला अपेक्षा नावाची मुलगी होती, तुमसरकडची, डिप्लोमा झालेली, खुशबूपेक्षा थोडीच मोठी. ती सगळ्यांना काका, काकू म्हणायची आणि कुणाला समजलं नाही तर न कंटाळता पुन्हा सांगायची. मोबाइलवर नकाशा उघडायचा, दोन बोटांनी मोठा करायचा, खिडकी कुठे आणि दार कुठे ते बघायचं. भिंतीचा फोटो काढून माप घ्यायचं. केलेल्या कामाचा फोटो रोज वर पाठवायचा. मंगलाबाईच्या बोटांची टोकं सिमेंटने एवढी घट्ट झालेली की मोबाइलच्या काचेला ती लागलेली कळायचीच नाहीत. काच दाबून दाबून तिचा जीव मेटाकुटीला आला. मग तिने करंगळीच्या कडेने दाबायला सुरुवात केली, तेव्हा गाडं पुढे सरकलं.

लेझरचं यंत्र मात्र तिला पहिल्याच दिवशी आवडलं. डबी मधोमध ठेवली, बटण दाबलं की चारी भिंतींवर लाल रेघ, एका पातळीत. दोरी धरायला दोन माणसं नकोत, डोळा बारीक करायला नको. भैयाजी त्या रेघेकडे संशयाने बघायचा. म्हणायचा, "सेल उतरला का रेघ बी गेली. दोरी कुठं जात नाही." पण तोही शिकला. कुरकुर करत, दर दुसऱ्या गोष्टीला खर्रा घोटत, पण शिकला.

दुपारच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली बसून शिकणं हे काही खेळ नव्हतं. सकाळी घमेलं, दुपारी क्लास, संध्याकाळी घरी भाकरी. पडद्यावर सुरक्षेचा व्हिडिओ चालू असायचा आणि अर्धा वर्ग डुलक्या घ्यायचा. मंगलाबाईला डुलकीही नीट घेता यायची नाही, कारण मान पुढे पडली की कळ यायची आणि जाग यायची. त्यामुळे सगळ्यात जास्त व्हिडिओ तिनेच बघितले, असं ती स्वतःच हसून सांगायची.

परीक्षेच्या दिवशी अपेक्षाने शेडच्या कोब्यावर पिवळ्या रंगाने चौकटी आखून ठेवल्या होत्या. एका माणसाला एक चौकट. चौकटीत विटा, मागच्या कडेला कालवलेल्या मालाचा ढीग, एक घमेलं, आणि पुढे तिपाईवर मोबाइल. काम एकच: विटांचा एक कोपरा बांधायचा, दोन्ही बाजू काटकोनात, पातळी लेझरने घ्यायची. आपला माल आपणच भरून घ्यायचा. अपेक्षाने पुन्हा पुन्हा बजावलं की मोबाइल सगळं बघतो आणि निकालही तोच देतो. चौकटीबाहेर जाऊ नका. सगळ्यांनी माना हलवल्या. मंगलाबाईने खांदे हलवले.

भैयाजीची चौकट तिच्या शेजारीच होती.

सुरुवात चांगली झाली. डबी ठेवली, रेघ आली, पहिला थर बसला. हाताला थापी ओळखीची होती. मागे कुणी उभं नाही, डोक्यावर काही नाही, आणि समोरची भिंत आपली, याचं तिला नवल वाटत होतं. दुसरा थर लागला. कोपरा काटकोनात बसला. तेवढ्यात डोळ्याच्या कडेला एक हात दिसला. मागे पसरलेला, पंजा उघडा.

भैयाजी भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याचा माल संपला होता आणि त्याचा डावा हात नेहमीसारखा मागे आला होता. तो परीक्षा विसरला होता, किंवा परीक्षा त्याच्या हातापर्यंत पोचलीच नव्हती.

मंगलाबाई उठली. आपलं भरलेलं घमेलं कमरेला लावलं, पिवळी रेघ ओलांडली, त्याच्या हाताशी घमेलं टेकवलं, त्याचं रिकामं उचललं आणि परत आपल्या जागेवर आली. तिने यातलं काहीही ठरवून केलं नव्हतं. असं एकदा झालं, आणि मग पुन्हा झालं. मधे एकदा बंद मूठ मागे आली, तेव्हा तिने अर्धी वीटही नेऊन दिली. तिच्या मोबाइलमधून कुणीतरी बाई बोलत होती, कृपया चौकटीत राहा, कृपया चौकटीत राहा. मंगलाबाईला वाटलं, ते दुसऱ्या कुणाला चाललं आहे.

निकाल तिथेच लागला. भैयाजी पास. मंगलाबाई नापास.

ती नुसती आपल्या भिंतीकडे बघत राहिली. कोपरा काटकोनात होता, थर रेघेत होते. अपेक्षाच्याच मनाला लागलं असावं, तिने मोबाइल काढून तिला चित्रण दाखवलं. मंगलाबाईने स्वतःला काम करताना पहिल्यांदाच पाहिलं. पडद्यावर एक वाकलेली बाई विटा लावत होती. मग ती उठून गेली. चौकट रिकामी राहिली, अर्धवट कोपरा तेवढा दिसत होता, आणि त्याच्यावर लाल अक्षरं आली. सातवीपर्यंत शिकलेली मंगलाबाई अक्षर अक्षर लावून वाचत होती. व्यक्ती आढळली नाही.

मग भैयाजीचं चित्रण. त्यात तो एकाच जागी बसून झपाझपा बांधत होता, कसलेला मिस्त्री. अधूनमधून कडेने एक हात यायचा, हिरव्या बांगड्यांचा, घमेलं ठेवून निघून जायचा. हाताला चेहरा नव्हता, म्हणून मोबाइलने तो धरलाच नाही.

"काकू, हे आपोआपच वर जाते," अपेक्षा म्हणाली. "मले काही बदलवता येत नाही. तुम्ही काहून उठल्या?"

भैयाजी बाजूलाच उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो काही तरी बोलेल असं तिला वाटलं, आणि भिंत सरळ असली की तो जसा गप्प राहायचा तसा तो आताही गप्प राहिला. मग गाडी चालू करतो म्हणून बाहेर गेला. तिला कारध्याच्या पुलापर्यंत त्याने मोटारसायकलवर सोडलं.

घरी खुशबू चिडली. मोबाइलवर चिडली, अपेक्षावर चिडली, सगळ्यात जास्त भैयाजीवर. मंगलाबाईने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. राग तिलाही आला होता, पण तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. भैयाजीने मागितलं नव्हतं. मोबाइलने सांगितलं होतं. शेवटी ती म्हणाली, "माहे पाय गेले. मी नाही गेली."

परसराम म्हणाला, मग सर्टिफिकेट पायांनाच द्यायला सांग. एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिने ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि मागच्या दाराशी, स्वतः बांधलेल्या भिंतीला टेकून बसली. तिला रडायचं होतं, तेही जमलं नाही. दमलेल्या माणसाला रडायलाही बसून घ्यावं लागतं, आणि बसलं की झोप येते.

पुढच्या आठवड्यापासून दोघं वरठीच्या साइटवर पुन्हा पूर्ण पाळीला लागले. फाटकावर भैयाजी यंत्रापुढे उभा राहिला, पडद्यावर हिरव्या अक्षरात मिस्त्री आलं. त्याच्यामागून मंगलाबाई उभी राहिली, हेल्पर आलं. आतमध्ये भैयाजीला साहेबांनी कंपनीचा मोबाइल दिला: दिवसभरात झालेल्या भिंतीचा फोटो संध्याकाळी पाठवायचा. पहिल्या संध्याकाळी त्याने आपल्या अंगठ्याचे बरेच फोटो पाठवले. मग तो मोबाइल मंगलाबाईच्या हातात आला. ती करंगळीच्या कडेने सगळं करायची, माप टाकायची, फोटो पाठवायची. वरून भैयाजीच्या नावाने शाबासकी यायची. ती तीही त्याला वाचून दाखवायची.

मान दिवसेंदिवस बिघडत गेली. डॉक्टरीणबाईंनी दिलेला पट्टा ती गळ्याला बांधून यायची, पट्ट्यावर पदर, पदरावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. एका दुपारी परांचीवर चढून तिने घमेलं फळीवर टेकवलं आणि ती श्वास घेत उभी राहिली. भैयाजीचा हात मागे आला. उघडा पंजा.

तिने तो हात बघितला. भरलेलं घमेलं तिच्या पायाशी होतं. वाकायचं, उचलायचं, त्या हाताशी न्यायचं, एवढंच काम. तिने ते केलं नाही. मुद्दाम केलं नाही असंही नाही. तिला बघायचं होतं, आपले पाय आपलं ऐकतात का. पाय थांबले. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग बोटं हलली, वाऱ्यात काही तरी चाचपल्यासारखी. मग भैयाजी वळला. इतक्या वर्षांत कामाच्या भरात तो पहिल्यांदा मागे वळला होता, आणि त्याच्या पुढ्यात गळ्याला पट्टा बांधलेली, घामाने भिजलेली, त्याच्याइतकीच पिकलेली एक बाई उभी होती.

"माल," तो म्हणाला. हा शब्द तिला कधी त्याच्या तोंडून ऐकावाच लागला नव्हता.

तिने घमेलं दिलं. त्या दिवशी दोघांनी डबे नेहमीसारखे एकाच कडुनिंबाखाली खाल्ले. पण भैयाजीने जेवून झाल्यावर खर्रा घोटला नाही, पन्नी नुसती हातात धरून बसला. त्याच्या मनात काय चाललं आहे ते तिने विचारलं नाही. दुसऱ्याच्या मनातलं उचलायची तिची ताकद संपली होती.

दिवाळी होऊन गेल्यावर खुशबूच्या फोनवर अपेक्षाचा फोन आला. ज्यांचे क्लास पूर्ण झाले आहेत त्यांना परीक्षा पुन्हा देता येते, काकूंना शनिवारी पाठवा. खुशबू आनंदाने सांगत आली. मंगलाबाई नाही म्हणाली. एकदा आपलं आपल्याला दिसलं, तेवढं पुरे. शनिवारी काम आहे. शेडपर्यंत सोडायला कुणी नाही. आणि पास झाले तरी कोणता ठेकेदार बाईला थापी देणार आहे? खुशबूने खूप समजावलं, परसरामनेही त्याच्या परीने समजावलं, म्हणजे थट्टा केली नाही. ती ऐकत राहिली आणि नाहीच म्हणाली. तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

शनिवारी सकाळी दारासमोर मोटारसायकल थांबली. भैयाजी. परीक्षेचं त्याच्याही कानावर गेलं असावं. तो खाली उतरला नाही. इंजिन चालूच ठेवून तो म्हणाला, "चाल वो. मी बी आज कामावर जाऊन नाही राहिलो."

वरठीच्या साइटवर रेजा खाडा करते ते चालतं, पण मिस्त्रीने खाडा केला की साहेब बोलतो. हे तिला माहीत होतं आणि भैयाजीलाही माहीत होतं. ती आत गेली, लुगड्याचा पदर खोचला, गळ्याचा पट्टा काढून खुशबूच्या हातात दिला आणि मागच्या सीटवर बसली.

या वेळी अपेक्षाने तिला अगदी टोकाची चौकट दिली होती. शेजारची चौकट रिकामी. ज्यांची परीक्षा नाही त्यांनी पिवळ्या रेघेपलीकडे, मागच्या भिंतीपाशी थांबायचं. भैयाजी तिथे उभा राहिला. त्याच्याजवळच शिल्लक मालाचा ढीग आणि चार-दोन घमेली पडली होती.

मंगलाबाईने डबी ठेवली. लाल रेघ आली. पहिला थर, दुसरा थर. मागच्या वेळचं नवल आता नव्हतं, फक्त काम होतं, आणि ते नेहमीच्या थकव्यासारखंच अंगात भिनत गेलं. थापीचा आवाज, विटेचा आवाज. ती इतकी रमली की पुढच्या विटेला माल हवा होता तेव्हा तिने डोळे भिंतीवरून काढलेच नाहीत. तिचा डावा हात आपोआप मागे गेला. पंजा उघडा.

हात रिकामाच राहिला.

हवेत पसरलेला आपला हात तिच्या ध्यानात आला तेव्हा ती दचकली. भीती वाटली आणि लाजही वाटली. आयुष्यभर ज्या हाताच्या मागे ती धावली तो हात आज तिचा झाला होता. ती अख्खी वळली, तिला वळता येतं तशी.

भैयाजी पिवळ्या रेघेवर उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत घमेलं होतं, काठोकाठ भरलेलं. तिचा पंजा बघून तो ढिगाशी वाकला होता, माल भरून आला होता, आणि रेघेशी आल्यावर त्याला परीक्षा आठवली. एक पाय उचललेला होता, तो त्याने मागे घेतला. भिंतीपाशी बसलेले दोघं-तिघं मिस्त्री त्याच्याकडे बघून हसायला लागले होते.

मंगलाबाईने त्याला हाताने खूण केली, नको म्हणून. मग आपलं घमेलं घेतलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली, ढिगाशी गेली, भरलं, परत आली. चौकटीच्या आत. पुन्हा बसली. मोबाइलमधली बाई काही बोलली नाही. पुढे प्रत्येक घमेल्याला ती अशीच उठली आणि उठताना तिला मागे भैयाजी दिसत राहिला. तो पुढे येत नव्हता आणि मागेही जात नव्हता. घमेलं खाली ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं, की ठेवायचं नव्हतं, कोण जाणे. हसणारे हसून हसून गप्प झाले होते.

शेवटची वीट बसली. मोबाइलने थोडा वेळ घेतला, मग पडद्यावर हिरवं काही तरी आलं आणि अपेक्षा टाळ्या वाजवत आली. पास. मंगलाबाईने ते वाचलं, एक एक अक्षर लावून, आणि तिला आनंद झाला. पण तो तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि आला तोही दमूनच आला. मान दुखत होती. सोमवारी फाटकावर तिच्या चेहऱ्याखाली दुसरा शब्द येईल आणि साहेब तो बघून काय म्हणेल, हे तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की आता बसून घ्यावं.

ती वळली. भैयाजी अजून तिथेच होता. घमेलं आता त्याच्या पोटाशी आलं होतं, दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या. ओल्या मालाचं पाणी त्याच्या शर्टावरून गळत होतं.

"जड राह्यते वो हे," तो म्हणाला.

मंगलाबाईला एकदम राग आला, मग तो गेला. ती त्याच्याजवळ गेली आणि घमेल्याची एक कडी धरली.

"ठेवा नं आता खाली," ती म्हणाली.